तपासणीची तारीख जवळ आली की

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


कॅन्सरचे उपचार संपले की आपण पेढे वाटतो, ग्रुपवर गुरुकृपेचे मेसेज येतात. छानच आहे ते. पण त्या घरात पुढे काय चालतं? आधी दर तीन-सहा महिन्यांनी तपासणी, नंतर वर्षाला एकदा. अवंतिकानं मुंबई, परळचं टाटा हॉस्पिटल, तीच फाइल, आणि नाव पुकारण्याची वाट. सोनाली बेंद्रे डिसेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कहून उपचार घेऊन परतल्या, तेव्हा त्यांनीही लढाई संपली असं म्हटलं नव्हतं. तारीख जवळ आली की झोप उडते, साधी पाठ दुखली तरी "परत आलं की काय?" या धास्तीला 'स्कॅन्झायटी' असा शब्दच झालाय.

आपल्या परिवारातल्या एक ताई आठ दिवस आधीपासून नातवावर ओरडतात, मग एकट्याच रडतात. म्हणाल्या, "एवढं नाम घेते तरी भीती वाटते, म्हणजे माझी श्रद्धाच कच्ची."

नाही हो ताई. गीतेचा अकरावा अध्याय आठवा. भगवंतानं विश्वरूप दाखवलं, "मी काळ आहे" म्हणून सांगितलं, आणि अर्जुन थरथरला. प्रत्यक्ष भगवंत समोर असून! तेव्हा भगवंत "तुझी श्रद्धा कमी" म्हणाले नाहीत. सौम्य रूप घेतलं आणि घाबरलेल्याला धीर दिला. आपण तर महाकालाच्या गावात राहतो. रिपोर्टची वाट बघणं म्हणजे काळाला समोर बघणंच की! नाम घेतलं म्हणून रिपोर्ट बदलत नाही. पण बाकावरचे ते दोन तास निघतात.

एक काका "गुरुकृपा आहे, आता कशाला तपासणी?" म्हणून तारीखच टाळत होते. आत भीती होती, वर कृपेचं नाव. स्पष्ट सांगतो, ही श्रद्धा नव्हे. पुन्हा काही उद्भवलंच तर लवकर कळलेलं बरं, हातात उपाय जास्त असतात. काका गेले शेवटी, मुलाला बरोबर घेऊन.

रिपोर्ट चांगला आला तरी माणूस दोन-तीन दिवस गळून जातो. तेव्हा "आता तरी हस" म्हणू नये. यजमानांनाही विचारावं, तेही जागेच असतात. फॅमिली ग्रुपवर "रिपोर्ट आला का?" दहा जणांनी विचारू नये, आणि काढ्यांचे फॉरवर्ड तर कृपया बंदच करा. भीती आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगावं, मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत समुपदेशक असतात.

या महिन्यात ज्यांची तारीख आहे त्यांनी गुरुवारी आरतीनंतर सेवेकरी ताईंना सांगावं. नाव ग्रुपवर येणार नाही. गाडीसाठी डबा, स्टेशनवर सोडणं, मुलांना सांभाळणं, सगळं होईल. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सर रुग्णांची राहायची सोय होते. जागेचं मात्र आधी विचारून मगच निघा.