न पाहणारा गुरू

गॅस, अपचन, बद्धकोष्ठता यांवर आसनं शिकवणाऱ्या व्हिडिओंना आता तोटा नाही. पवनमुक्तासन करा, कपालभाती करा, पाच मिनिटांत पोट साफ! त्यांचा दर्जा कसा ठरवायचा, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसतो. मला तो त्याहून जुना वाटतो: शिष्याकडे न पाहता गुरू शरीराची विद्या देऊ शकतो का? पंधराव्या शतकातल्या ‘हठयोगप्रदीपिके’त मयूरासनाची स्तुती करताना स्वात्माराम थेट विष पचवण्यापर्यंत जातो, अतिशयोक्तीत आजचे मथळे त्याच्यापुढे फिके आहेत. पण धौती, नौली वगैरे षट्कर्मं, म्हणजे शरीरशुद्धीच्या क्रिया, मेद-कफ वाढलेल्यांनीच कराव्यात, इतरांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये, हे बजावणाराही तोच, आणि चुकीच्या प्राणायामातून रोग उद्भवतात असं सांगणाराही तोच. कोणती साधना कोणासाठी, हे आधी ठरवण्याला परंपरेनं अधिकार म्हटलं. व्हिडिओंनी स्तुती तेवढी उचलली आणि अधिकार गाळला.

आधुनिक वैद्यक वेगळ्या वाटेनं याच ठिकाणी पोचतं. बद्धकोष्ठता हा एक आजार नव्हे. कोणाची आतडी मंद असतात. कोणाचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू शौचाच्या वेळी सैल पडण्याऐवजी आवळले जातात, आणि त्याला आणखी जोर लावायला शिकवलं तर त्रास वाढतो. जेवणानंतर पुढे वाकलं की आम्लपित्तवाल्याची जळजळ वाढते. हर्निया असलेल्याला कपालभातीचे झटके घातक ठरू शकतात. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण उतरत असेल, तर आसन नव्हे, तपासणी हवी. उपचारविषयक माहिती जोखण्यासाठी इंग्लंडमध्ये तयार झालेली, 1999 साली प्रसिद्ध झालेली ‘डिसर्न’ ही 16 प्रश्नांची कसोटी आहे. उपचाराचे धोके सांगितले आहेत का, हा तिच्यातला एक प्रश्न. शिकवणारा किती लवचीक आहे, व्हिडिओ किती लाखांनी पाहिला, हे ती विचारत नाही.

यावर एकलव्याचं उदाहरण पुढे येईल: त्याचा गुरू तर मातीचा होता, त्यानं कुठे पाहिलं? पण धनुर्विद्येत बाणच चूक दाखवतो. नेम हुकला की त्याच क्षणी कळतं. आतडं असं लगेच बोलत नाही. चूक आत साचत राहते आणि महिन्यांनी दुखणं होऊन वर येते, तेव्हा दोष आसनाला द्यायचा की आहाराला, हेही उमगत नाही. लोणावळ्यात 1924 साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौली-उड्डियान या पोटाच्या क्रियांचा क्ष-किरणांखाली आणि दाब मोजून अभ्यास केला, तो पोटातलं नुसत्या नजरेला दिसत नाही म्हणूनच.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि पंढरपूर ज्यात येतं त्या सोलापूर जिल्ह्यात तर तो टाळताच येणार नाही. अधिकाराच्या नावाखाली इथे माणसांना दाराबाहेर ठेवलं गेलं. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी आहे. विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. सोलापूरचे सिद्धरामेश्वर ज्या शिवभक्त शरणांच्या परंपरेतले, तिनं बाराव्या शतकातच जन्मजात अधिकार नाकारून लोकांच्या कन्नडमध्ये वचनं रचली. मग मोबाइलनं योगाचं दार सगळ्यांना उघडलं, तर तक्रार कशाची? दार उघडल्याची मुळीच नाही. जन्मावरून ठरणारा अधिकार जायलाच हवा होता. पण प्रकृतीवरून ठरणारा अधिकार ही निराळी गोष्ट आहे. तो माणसाला हाकलत नाही, उलट त्याची विचारपूस करतो: वय काय, शस्त्रक्रिया झाली आहे का, दिवस गेले आहेत का, रक्तदाब किती? पहिल्याच मिनिटाला हे विचारून ‘यांनी करू नये’ असं स्पष्ट सांगणारा व्हिडिओ, आसन जरा बेताचं जमत असलं तरी, मी चांगला मानीन.

आणि व्यायामाचा पोटाला उपयोग होतो, याबद्दल वाद नाही. स्वीडनमधल्या 102 रुग्णांच्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 12 आठवडे शारीरिक हालचाल वाढवणाऱ्यांची ‘आयबीएस’ या आतड्यांच्या विकाराची लक्षणं इतरांपेक्षा जास्त उतरली. त्यासाठी पोट पिळवटावं लागलं नव्हतं. चालणं, सायकल चालवणं अशा साध्या गोष्टी पुरल्या. आळंदीहून पायी पंढरपूरला येणाऱ्यांना यात नवल वाटू नये. आपल्या बेतानं चालायला फारशी पूर्वअट नसते, म्हणून ते पडद्यावरून बऱ्यापैकी निर्धास्तपणे सांगता येतं. नौलीचं तसं नाही; ती शिकवणाऱ्यानं समोरचं पोट आधी पाहायला हवं.