तुटायची जागा

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात एका गल्लीच्या टोकाला आबांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, मधोमध खड्डा, भिंतीवर मापाच्या क्रमाने टांगलेले पाने, आणि दारावर खडूने लिहिलेली एक ओळ: ‘संध्याकाळी सहानंतर काम बंद. दिसत नाही.’ आबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. नवं गिऱ्हाईक आलं तरी ते आधी सांगत, “बारीक काम असेल तर सकाळच्या उजेडात आणा.”

रामबागेतल्या एका मुलाला याचं नवल वाटे. आबा त्याच्या वडिलांचे मामा. आपली उणीव दारावर लिहून ठेवणारा दुसरा मिस्त्री त्याने पाहिला नव्हता.

मुलाने जोंगा घेतली होती. निसानच्या परवान्याने जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९पासून तीसेक वर्षं बनलेली, सैन्यात राबून लिलावात निघालेली गाडी. सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन, जाड पोलादी चेसिस, पुढे-मागे कमानीचे पाटे आणि चारही चाकांना जोर. महूची छावणी इंदूरहून वीस-पंचवीस किलोमीटरवर, त्यामुळे हिरव्या रंगाच्या या गाड्या त्याने लहानपणापासून पाहिल्या होत्या. नोकरीला लागून चार वर्षं झाली, गाठीला पैसे साठले, आणि ते लहानपणचं वेड उफाळून आलं. हिला अशी तयार करायची, की विंध्याच्या उतारावरची कुठलीही वाट हिला अडवणार नाही.

त्याने यादी करून आणली होती. गाडीची उंची चार इंच वाढवायची, मोठे चिखलाचे टायर, इंजिनाला वरून हवा देणारा स्नॉर्कल, पुढे विंच, टपावर दिव्यांची रांग. आबांनी यादी डाव्या डोळ्याजवळ धरून वाचली आणि विचारलं, “ही गाडी तुटणार कुठे?”

“कुठेच तुटू नये, म्हणून तर एवढं करायचंय.”

“बेटा, लोखंड आहे. तुटणार ते आहेच. कुठे तुटायचं ते आपण ठरवलं नाही, तर ते स्वतः ठरवतं.” आबांनी यादीची घडी करून खिशात टाकली. “आधी जे आहे ते नीट करू.”

दिवाळीनंतर काम सुरू झालं. इंजिनाला आबांनी हातही लावला नाही. सगळ्यात आधी चेसिस घासली. वरून रंग चकचकीत होता, पण मागच्या आडव्या पट्टीजवळ हातोडी मारली तेव्हा आवाज बद्द आला. गंजलेला तुकडा कापून तिथे नवं पोलाद जोडलं. मग ब्रेक. “आधी थांबता आलं पाहिजे, मग चढू.” मग कमानी उतरवल्या, एकेक पाटा सुटा करून घासला, मध्ये ग्रेफाइटचं ग्रीस भरलं, झिजलेले बुश बदलले. पुढच्या चाकांचे किंगपिन बदलले. चार महिने गेले तरी फोटो काढून दाखवावं असं गाडीवर काही दिसत नव्हतं.

उंची वाढवायला आबांनी नकार दिला. “कागदावर जी गाडी आहे तीच रस्त्यावर हवी. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम तेच म्हणतं, आणि २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. पंधरा वर्षं उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा काय दाखवशील?” टायर मात्र त्यांनी एक माप मोठे चालवून घेतले.

एका दुपारी त्यांनी मुलाला खड्ड्यात उतरवलं आणि खालून गाडी दाखवली. “जोर कुठून कुठे जातो बघ. इंजिनातून गिअरबॉक्स, तिथून ट्रान्सफर केस. तिथे त्याचे दोन वाटे होतात, एक पुढे, एक मागे. दोन्हीकडे लांब शाफ्ट. शाफ्टच्या टोकांना हे क्रॉस. पुढे हौसिंगमध्ये क्राउन आणि पिनियन, शेवटी एक्सल आणि चाक. टायर मोठा केलास की या सगळ्यांवरचा भार वाढतो. चाक दगडात अडकलं आणि तू रेस दिलीस, तर तो जोर माघारी येतो आणि या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी शोधतो.”

“मग कच्ची कडी पक्की करू.”

“कर. मग तो पुढची शोधेल.”

आबांनी शाफ्टला साधे, बाजारात कुठेही मिळणारे क्रॉस बसवले. तसेच दोन क्रॉस कापडात गुंडाळून सीटखालच्या पेटीत ठेवले, सोबत सर्क्लिपची पक्कड आणि हातोडी. मुलाला ती काटकसर वाटली. जूनच्या सुरुवातीला त्याने आबांना न सांगता दुसऱ्या एका दुकानातून महागडे, दुप्पट ताकदीचे क्रॉस आणून बसवून घेतले. पेटीही घरी काढून ठेवली. वजन कशाला वाहायचं?

पहिला मोठा पाऊस झाल्यावर तीन गाड्या निघाल्या. पुढे त्याची जोंगा, मागे दोन मित्रांच्या नव्या गाड्या. महू मागे पडलं, पाताळपाणीपाशी माळव्याचं पठार संपतं आणि जमीन निमाडाकडे कोसळत जाते. काळ्या मातीचा चिखल चाकांना थापला जात होता, जोंगा मात्र शांतपणे चढत-उतरत होती. कच्च्या वाटेने ते कालाकुंडच्या अलीकडे चोरल नदीच्या पात्राशी आले. पाणी गुडघाभर होतं. जानापावच्या दिशेला आभाळ काळं झालं होतं.

पात्राच्या मध्यावर मागचं डावं चाक दोन शिळांच्या फटीत बसलं. खरं तर तिथून हळूच मागे यायचं होतं. पण दगडांतून, वाहत्या पाण्यात, मागचं नीट दिसत नसताना गाडी उलटी कशी काढायची, हे त्याला येत नव्हतं. मित्र काठावरून पाहत होते, एकाच्या हातात मोबाईल होता. ‘मला जमत नाहीये’ एवढं म्हणायचं होतं. त्याने पाय रेसवर दाबला.

क्रॉस टिकले. त्यांची किंमत वसूल झाली. आतून मात्र हाड मोडावं तसा आवाज आला, आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी जाम झाली. गाडी ना पुढे जाईना, ना मागे. दोर लावून ओढली तरी हलेना. अर्ध्या तासात पाण्याचा रंग बदलला, गढूळ होऊन ते चढू लागलं. त्याने कागद आणि चावी घेतली आणि मित्रांचा हात धरून काठ गाठला. रात्री चोरल सीटपर्यंत चढली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर गावातल्या ट्रॅक्टरने गाडी बाहेर ओढली. आबा काठावर उभे होते. ते पहिलं वाक्य बोलले, “गाडी सोडून वेळेत बाहेर आलात, हे उत्तम केलंत. २०११च्या जुलैत इथेच वर, पाताळपाणीला, बघता बघता लोंढा आला आणि माणसं गेली.” त्याहून अधिक ते काही बोलले नाहीत.

गॅरेजमध्ये हौसिंगचा बोल्ट सोडला, तर दुधाळ चहासारखं तेल बाहेर आलं. तापलेलं हौसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. तेलात क्राउनचे तीन दात सापडले. ते फिरत्या गिअरांत अडकल्यामुळे चाकं जाम झाली होती. आबांनी दात फडक्यावर ठेवले, मग खाली वाकून शाफ्ट चाचपला. नवा क्रॉस बोटांना लगेच कळला. मुलगा मान खाली घालून उभा राहिला.

“आईच्या कुकरच्या झाकणावर एक छोटा सेफ्टी व्हॉल्व असतो,” आबा म्हणाले. “शिट्टी अडकली, वाफ कोंडली, की तो वितळतो. दहा-वीस रुपयांचा व्हॉल्व जातो, पण कुकर फुटत नाही. तो कच्चा ठेवलेला असतो, मुद्दाम. मी हुकुमचंद मिलमध्ये फिटर होतो, तेव्हा आमच्या यंत्रांवरही अशी एक मऊ पिन असायची. यंत्रात काही अडकलं की पिन तुटायची, शाफ्ट वाचायचा. एक नवा पोरगा सारखी पिन बदलून वैतागला आणि त्याने तिच्या जागी पोलादी बोल्ट घातला. पुढच्या वेळी पिन तुटली नाही. अख्खा गिअर फुटला आणि यंत्र तीन आठवडे बंद राहिलं.”

थोडं थांबून ते पुढे म्हणाले, “तो पोरगा मीच. तेव्हापासून माझी कच्ची जागा मी शोधत आलो. मिल हीच माझी एकुलती भाकरी, ही माझी कच्ची जागा होती. म्हणून संध्याकाळी दुसऱ्याच्या गॅरेजात मोटारीचं काम शिकायला जायचो. १९९१च्या डिसेंबरात मिल बंद पडली, तेव्हा माझ्या पेटीत दुसरा क्रॉस होता.”

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आबा, मला दगडांतून गाडी मागे घेता येत नाही. तिथे ते म्हणायची लाज वाटली, म्हणून रेस दिली.”

आबांनी चष्मा काढून पुसला. “हेच तर तुझं तुटायचं ठिकाण. ते वाक्य तिथे तुटलं असतं, तर दोन मिनिटं मान खाली गेली असती आणि गाडी वाचली असती. तू लाजेच्या जागी पोलादी बोल्ट घातलास. मग जोर थेट क्राउनवर गेला.”

वर्षभर पुन्हा काम चाललं. जुनं क्राउन-पिनियन शोधायला महिने गेले. या वेळी हौसिंगच्या श्वासनळीला रबरी नळी जोडून ती वर बोनेटच्या उंचीपर्यंत नेली, म्हणजे पाण्यात हौसिंगने श्वास घेतला तरी पाणी आत येऊ नये. क्रॉस साधे बसवले, पेटी पुन्हा सीटखाली ठेवली. आणि दर रविवारी सकाळी, आबांना उजेड असताना, एका ओसाड नाल्यात मुलगा उलटी गाडी चालवायला शिकला. आबा पुढे उभे राहून हाताने दिशा दाखवत. आरशापेक्षा खाली उतरलेल्या माणसाच्या हातावर विश्वास ठेवणं त्याला जास्त अवघड गेलं. हळूहळू तेही जमलं.

पुढच्या पावसाळ्यात तेच मित्र, तीच वाट. या वेळी शेजारच्या सीटवर आबा होते. चोरलच्या काठाशी आले तेव्हा पाणी मागच्यापेक्षा थोडंसं जास्त आणि गढूळ होतं. तळ दिसत नव्हता. मागून हॉर्न वाजला. मुलगा खाली उतरला, काठाकाठाने चालून आला, आणि मित्रांच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, “हे पाणी मला जमणार नाही. मी परत फिरतोय.”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग मागच्या गाडीतला मित्र म्हणाला, “मलाही नव्हतं जायचं रे. कुणीतरी म्हणेल म्हणून थांबलो होतो.”

तिन्ही गाड्या फिरल्या. कालाकुंडचा कलाकंद त्या दिवशी राहून गेला. घाट चढून सपाटीवर येताना एका खोल चाकोरीत चाक आपटलं आणि गाडीखाली ‘टक्’ असा आवाज झाला. मागच्या शाफ्टचा क्रॉस गेला होता. सहा वाजत आले होते. आबा म्हणाले, “आता मला दिसणार नाही. तुझं तू कर.”

त्याने चाकांखाली दगड लावले. बोल्ट सोडून मागचा शाफ्ट उतरवला, गाडीत टाकला. मग छोटा लिव्हर ओढून पुढची चाकं जोडली. मागच्या चाकांना आता जोर नव्हता, पण पुढच्या दोन चाकांनी जोंगाला ओढलं आणि ती संथपणे महूच्या डांबरी रस्त्याला लागली. त्याच चाकांवर ती रात्री इंदुरात शिरली.

सकाळी शाफ्ट खाली घेऊन त्याने पेटीतला क्रॉस बसवला. मग सियागंजच्या बाजारात जाऊन तसाच एक नवा आणला, त्यावरून तेलाचा बोळा फिरवला, कापडात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. पावसाने दारावरची खडूची ओळ पुसट झाली होती. आबांनी खडू त्याच्या हातात दिला. एकेक अक्षर ठळक काढत त्याने ती जशीच्या तशी पुन्हा लिहिली.

बोध: प्रत्येकात एक तुटायची जागा असतेच. ती झाकली तर जोर आतल्या मोलाच्या वस्तूवर जातो. ती ओळखून उघड ठेवावी, हाताशी ठेवावी, आणि तिचा बदली भाग सोबत बाळगावा. असं करणारा माणूस घरी परत येतो, आणि मागून येणाऱ्यांनाही परतीची वाट मोकळी करून देतो.