दारावरचा कडुलिंब

शुक्रवारी रात्री नातीची वेणी घालताना कानामागे एक फोड दिसला. पाण्याचा थेंब अडकून राहावा तसा, भोवती तांबूस कड. सकाळपर्यंत पोटा-पाठीवर दहा-बारा झाले. डॉक्टरांनी बघताक्षणीच सांगितलं, ‘कांजिण्या.’

सोमवारी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. कोळीनृत्याची साडी इस्त्री होऊन कपाटाला टांगलेली. पोर तिच्याकडे बघून मुसमुसत होती. सून हळूच म्हणाली, “आई, लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला तर? तोंडावर अजून काही उठलेलं नाही.” मी ‘नाही’ म्हणाले, पण लगेच नाही. आधी क्षणभर गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची अजून लाज वाटते.

कांजिण्यांचा विषाणू शरीरात शिरल्यावर दहा दिवस ते तीन आठवडे पत्ता लागू देत नाही. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून तो पसरू लागतो आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत पसरत राहतो. ज्यांना कांजिण्या कधी आल्या नाहीत आणि ज्यांनी लसही घेतलेली नाही, अशा घरातल्या दहांपैकी नऊ जणांना तो गाठतो. म्हणजे शुक्रवारी नात बाकावर बसून डबा खात होती तेव्हाच तो वर्गात फिरत असणार. त्यात दोष कुणाचाच नाही. शनिवारी सकाळी मात्र आम्हाला कळलं होतं. न कळत दिलेला आजार हे दुर्दैव. कळून दिला तर तो अपराध.

‘लहान मुलांच्या कांजिण्या त्या, आठ-दहा दिवसांत बऱ्या होतात,’ असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण नाचाच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या घरी कोण आहे, हे कुठे ठाऊक असतं? गरोदर आई असेल, चार दिवसांचं बाळ असेल, केमोथेरपी चालू असलेले आजोबा असतील. हाच आजार त्यांच्या जिवावर बेतू शकतो.

माझी आजी ‘बाई आल्यात’ म्हणायची. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा, घरात फोडणी बंद व्हायची, बाहेरचं कुणी आत यायचं नाही. देवीच्या भीतीपायी औषध टाळलं जायचं, ते चुकीचंच होतं. पण तो डहाळा लांबूनच सांगायचा, ‘या घरात आजार आहे, जपून.’ गल्लीला कळायचं आणि त्यात घरच्यांना कमीपणा वाटत नसे. आज आपल्या खिशात फोन आहे आणि दारावर काहीच नाही.

मुलाने वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पाच मिनिटांत एका आईचं उत्तर आलं, ‘आमच्याकडे मंगळवारपासून आहेत, सांगायचं राहून गेलं.’ तिला तरी काय बोलायचं? शंभर टक्के हजेरीला बक्षीस देणाऱ्या शाळा आपणच डोक्यावर घेतो. आजारी मुलासाठी रजा मागणाऱ्या आईकडे ऑफिसात कसं पाहिलं जातं, तेही आपण जाणतो. खरं बोलणाऱ्याला भुर्दंड पडत असेल, तर लोक गप्प बसायला शिकतात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं, “तुम्हाला लहानपणी आल्या होत्या का?” त्यांना आठवेना. त्यांची सून सातव्या महिन्यात आहे. मावशी शुक्रवारी आमच्याकडे येऊन गेल्या होत्या, म्हणून त्यांना म्हटलं, “आधी सुनेच्या डॉक्टरांना हे सांगा. इथल्या खपल्या धरेपर्यंत येऊ नका, पगार कापणार नाही.” त्यांनी दोनदा विचारलं, “खरंच कापणार नाही ना?” तो प्रश्न मला फोडांपेक्षा जास्त टोचला.

मिचिआकी ताकाहाशी या जपानी डॉक्टरांच्या लहानग्या मुलाला 1964 मध्ये कांजिण्यांनी फार त्रास दिला. त्याच्या उशाशी जागणाऱ्या या बापाने पुढे, 1974 मध्ये, जगातली पहिली कांजिण्यांची लस दिली. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांची संघटना तिचे दोन डोस घ्यायला सांगते, पण सरकारच्या मोफत लसीकरणात ती नाही. ज्याला परवडते त्याने घ्यायची. आम्हाला परवडत होती, तरीही ‘बघू पुढे’ म्हणत राहून गेली. तेही आमच्याच खात्यावर.

नात आता खपल्या मोजत बसते. खाजवू नये म्हणून नखं कापलीत. ॲस्पिरिन देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. या आजारात मुलांना ते घातक ठरू शकतं.

तुमच्या घरी कांजिण्या आल्या, तर पहिला फोन डॉक्टरांना करा. दुसरा शाळेला. आणि तिसरा, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना.