रेईस मागोसचा जागेवाला

आमच्या तळकोकणात जमिनीला दोन मालक असतात. एकाचं नाव सातबाऱ्यावर, दुसरा जागेवाला. घराचा चौथरा घालायचा असो की विहीर खणायची असो, पहिला नारळ जागेवाल्याचा. तो देव की देवचार, बाप्या की बाई, याची फार चौकशी कुणी करत नाही. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात बदलतो, जागेवाला बदलत नाही, एवढंच धरून चालायचं. मी सावंतवाडीची. नोकरीची सगळी वर्षं शाळेत इतिहास शिकवण्यात गेली आणि या समजुतीकडे मी आयुष्यभर हसून पाहिलं. पण हसणं म्हणजे उत्तर नव्हे. ज्या जागेवर देवांनी, राजांनी आणि तुरुंगवाल्यांनी पाळीपाळीने हक्क सांगितला, तिथे उभं राहिलं की प्रश्न पडतोच: इथला नारळ कोणाचा?

अशी जागा पाहायची तर पणजीहून बेतीची फेरीबोट धरावी. पायी माणसाला भाडं नाही. मांडवीत कॅसिनोंची जहाजं नांगरलेली दिसतात, मालीमच्या जेटीवरून मासळीचा वास येतो, आणि पाहता पाहता आपण बारदेशात उतरतो. काठाकाठाने पश्चिमेला वेरें लागतं. गुरुद्वारा, नौदलाचं ठाणं, होड्या, माडांखालची घरं, आणि पुढे टेकडीवर रेईस मागोसचा किल्ला. पायथ्याशी त्याच नावाचं पांढरंशुभ्र चर्च. बहुतेक लोक गाडीने थेट आग्वादला जातात, तिथे दीपगृहासमोर फोटो काढतात आणि येताना हा किल्ला चुकवतात. आग्वाद १६१२ चा. हा त्याच्या आधीचा.

इथे आदिलशाहीचं ठाणं होतं. १५४३ मध्ये बारदेश आणि सासष्टी पोर्तुगीजांकडे गेले, १५५१ मध्ये किल्ला बांधला, १५५५ मध्ये चर्च. बारदेशातलं ते पहिलं, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी उभारलेलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ला वाढवला, पुन्हा बांधून काढला. १७३९ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांनी बारदेश घेतला, फक्त आग्वाद आणि हा किल्ला हाती आले नाहीत. आमच्या गावात यातला पहिला भाग मोठ्याने सांगतात, दुसरा घसा खाकरून.

चर्चला जांभ्याच्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्या कडेला दगडात कोरलेले सिंह. पोर्तुगीज सिंह असे नसतात. जाणकार त्यांना विजयनगर धाटणीचे म्हणतात, आणि इथे आधी देऊळ होतं, त्याचेच हे अवशेष, असं मानलं जातं. पावसाने त्यांचे नाकडोळे झिजलेत, शेवाळ चढलंय, तरी अंगावरच्या रेघा अजून बोटाला लागतात. माझ्याबरोबर वहिनी होत्या. त्यांचं देवधर्माचं सगळं यथासांग असतं, माझं यथातथा. सिंहापाशी त्या थबकल्या.

“वन्सं, पायरीला हात लावून नमस्कार करायचा ना?”

“कुणाला करताय?”

“ते तुम्ही ठरवा. तुम्ही इतिहास शिकवलात.”

अशा वेळी आपल्याकडे एक तयार उत्तर असतं: देव सगळा एकच. मला ते उत्तर आवडत नाही. खोटं आहे म्हणून नव्हे, फुकटचं आहे म्हणून. आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा. ती मुळात केळशीची. सोळाव्या शतकात सासष्टीत देवळांवर संकट आलं तेव्हा लोकांनी तिला नदीपलीकडे नेलं. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेरण्याहून म्हार्दोळला. देव पालखीत बसून नाही, जिवाच्या भीतीने गेले. ज्यांनी मूर्ती छातीशी धरून खाडी ओलांडली, त्यांना देव सगळा एकच वाटला असता तर ते घरीच राहिले असते. आणि जे मागे राहिले, ज्यांनी शेत सोडवेना म्हणून बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यापुढे तरी कुणी समतेचं प्रवचन करत नव्हतं. १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं आणि १८१२ पर्यंत टिकलं. त्यात ख्रिस्ती झालेल्यांच्याच घरात जुन्या देवाच्या खुणा शोधल्या जात. “देव एकच” म्हणून आपण या दोन्ही माणसांचं ओझं एका वाक्यात उतरवून टाकतो, आणि ते उचललेलं मात्र आपण कधीच नसतं.

बरं, मग उलट बाजू घ्यावी का? देऊळ पाडून चर्च बांधलं असेल तर ती जागा बाटली, तिथली प्रार्थना खोटी, असं म्हणणारे आज पुष्कळ आहेत, आणि आवाजही त्यांचाच मोठा. त्यांना मी ६ जानेवारीला वेऱ्याला यायला सांगेन. त्या दिवशी या चर्चचं तीन राजांचं फेस्त असतं. बेथलेहेमच्या बाळाला भेटायला पूर्वेकडून जे तिघे आले, त्यांच्या वेशात गावातले तीन मुलगे मिरवतात. त्या तिघांतला एक हिंदुस्थानचा, अशीही एक जुनी समजूत आहे. डोक्यावर मुकुट, हातात भेटी, आणि मागे सगळा गाव. त्या मुलांची आजी मुकुट सरळ करते, तिच्या आजीने असाच कुणाचा तरी केलेला असतो. साडेचारशेहून जास्त वर्षं या वेदीपुढे कुणाचं बाळंतपण नीट व्हावं म्हणून, कुणाची होडी परत यावी म्हणून माणसं गुडघ्यावर बसली. पहिला दगड कसा बसवला यावरून त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं ठरवायचा अधिकार मला कुणी दिला? मूर्ती घेऊन पळालेल्यांची मी वंशज असले म्हणून तो मला मिळत नाही.

शिवाय लोक आपल्या परीने रस्ता काढतात. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची देवी लईराई या बहिणी आहेत, असं तिथले हिंदूही सांगतात आणि ख्रिस्तीही. दोन्हीकडून तेलाफुलांची देवाणघेवाण चालते. धर्मशास्त्रात याला जागा नाही. पण दुरावलेल्या घराण्याने नातं राखायला काहीतरी करावं लागतं, आणि त्यांनी देवींनाच बहिणी करून टाकलं.

मला वाटतं, आपली खरी चूक हिशेबात होते. एकाचं पुण्य मोठं निघालं की दुसऱ्याचं पाप त्यातून वळतं करून शिल्लक काढायची आपल्याला घाई असते. चर्चमध्ये एवढी भक्ती झाली, म्हणजे देवळाचं फिटलं. किंवा देऊळ पडलं, म्हणजे भक्ती रद्द. महाभारताच्या शेवटी काय आहे ते पाहा. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि बघतो तर दुर्योधन तेजाने तळपत आसनावर बसलेला, आणि आपले भाऊ नरकात. पुढे त्याला उलगडा होतो की ज्याचं पाप जास्त तो आधी थोडा स्वर्ग भोगतो, ज्याचं पुण्य जास्त तो आधी थोडा नरक. खुद्द धर्मराजाला नरक बघावा लागला तो अश्वत्थाम्याच्या नावाने द्रोणाला फसवलं म्हणून. आयुष्यभराच्या सत्याने ते एक असत्य पुसलं गेलं नाही, आणि त्या असत्याने सत्यही बुडालं नाही. दोन्ही आपापल्या जागी भोगूनच संपवायचं.

गंगेत बुडी मारली की पाप जातं असं सांगणारी पुराणंही आपलीच आहेत, हे मला ठाऊक आहे. पण तिथेही बुडी ज्याची त्याने मारायची असते. वेऱ्याच्या कोळणीने मेणबत्ती लावली म्हणून व्हाइसरॉयचं प्रायश्चित्त होत नाही. आणि व्हाइसरॉय इथे आहेच. १५७०-७१ च्या आदिलशाही वेढ्यात गोवा राखणाऱ्या दों लुईश द आताईद याची समाधिशिला चर्चमध्ये आहे. पोर्तुगालच्या राजचिन्हाखाली, देवाच्या पुढ्यात. त्या शिळेवरून मेणबत्ती घेऊन रोज बायका जातात, पण तिचा उजेड त्याच्या खात्यावर चढत नाही.

वहिनींना एवढं सगळं मी पायरीवर सांगितलं नाही. त्या तोवर नमस्कार करून, सिंहाच्या अंगाला लागलेलं ओलं पान काढून आत गेल्याही होत्या, शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “नाव पत्रावर लागतं, नमस्काराला नाही.” मी शाळेत असते तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण तिथेच सोडून देणं मला जमत नाही, कारण वर किल्ला आहे.

किल्ल्यावरचा चढ चर्चच्या अंगाने जातो. खाली घंटा वाजली तर कोठडीत ऐकू येणारच, इतकं दोन्ही जवळ. हा किल्ला लढाईपेक्षा तुरुंग म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिला. गोवा मुक्तिलढ्यातली माणसं इथे कोंडली होती. त्यांच्यासाठी आता एक दालन आहे. फोटो, नावं, शिक्षा. खाली नदीकाठी, आपण उतरलो त्या बेतीतच, ऑक्टोबर १९५५ मध्ये पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात मोहन रानडे गोळी लागून पकडले गेले. सांगलीकडचे, मराठी शिकवायला म्हणून गोव्यात आलेले, आझाद गोमंतक दलाचे. २६ वर्षांची शिक्षा देऊन त्यांना पोर्तुगालमध्ये कशियसच्या किल्ल्यात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं होतं. बेतीच्या बसथांब्यावर उभं राहून हे आठवलं की समोरचा चहा गार होतो.

त्या दालनात मी चपला बाहेर काढल्या. तशी पद्धत नाही, आणि पहारेकऱ्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं.

पण हा तुरुंग १९६१ ला बंद झाला नाही. आपलं राज्य आलं आणि आपणही तो चालवला, १९९३ पर्यंत. बत्तीस वर्षं. त्या काळात आत होते ते स्वातंत्र्यसैनिक नव्हते. चोर, मारामारी करणारे, कदाचित खुनीही, आणि तुरुंगात नेहमी असतात तसे निरपराधही. भिंती त्याच, दमट हवा तीच, आणि गजांतून दिसणारी पणजीही तीच. इन्टॅक आणि हेलन हॅम्लिन ट्रस्टने मन लावून किल्ला दुरुस्त केला आणि २०१२ मध्ये तो लोकांसाठी उघडला. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आत लावली. उद्घाटनाला मारिओ मात्र उरले नव्हते. त्यांच्या चित्रांतले जाडे पाद्री, लचकत चालणाऱ्या बायका आणि कुत्री पाहून तिथेही हसू आवरत नाही, आणि आवरूही नये. पण त्या १९६१ नंतरच्या कैद्यांविषयी माझ्या नजरेला काही पडलं नाही.

इथे मला आपल्याच घरचं आठवलं. रायगडावर आपण जगदीश्वरापुढे डोकं टेकतो आणि मग टकमक टोकावर जाऊन वारा खातो. कडेलोटाची जागा म्हणून गाइड हात दाखवतो, पोरं आरोळ्या देतात. तिथून ज्यांना ढकललं असं सांगतात, त्यांच्यासाठी थांबलेला माणूस मी अजून पाहिला नाही. गुन्हेगारच होते ना, मग झालं. पोर्तुगीजांनी कोंडलेला आमचा, आणि आम्ही कोंडलेला कुणाचाच नाही, असं हे गणित आहे. ज्या न्यायाने मी चर्चच्या पायरीवर देवळाचा हिशेब मांडते, त्याच न्यायाने वरच्या कोठडीत मला आपला मांडावा लागतो. नाहीतर माझी सगळी महाभारतकथा शेजाऱ्याच्या अंगणात झाडू मारण्यापुरतीच.

स्वातंत्र्यसैनिकांना आणि चोरांना एका ओळीत बसवा, असं मी म्हणत नाही. रानड्यांनी गोळी खाल्ली ती काहीतरी मोठं मागण्यासाठी. पण थंडी दोघांनाही सारखीच वाजते, आणि ज्या जागी माणूस कोंडला जातो तिथे त्याच्या दुःखाची नोंद राहणं ही त्याच्या चारित्र्याची पावती नसते.

तेव्हा किल्ल्याची व्यवस्था पाहणाऱ्यांना एक विनंती. मुक्तिलढ्याच्या दालनाशेजारच्या भिंतीवर अजून एक पाटी लावा. नावं नकोत, त्या माणसांची मुलंबाळं याच काठावर राहत असतील. १९६१ ते १९९३ मध्ये इथे किती माणसं होती, किती दिवस होती आणि त्यातली किती आतच गेली, एवढे आकडे तुरुंगाच्या दप्तरातून काढून लिहा. कोंकणीत लिहा, मराठीतही लिहा.