उचलून नेलेला श्रोता

व्हीलचेअर वापरणाऱ्या श्रोत्याची वाट तिकीट काढतानाच अडू लागते. ऑनलाइन तिकीट काढताना सभागृहाचा नकाशा समोर येतो, हवी ती खुर्ची निवडता येते. पण स्वतःची खुर्ची घेऊन येणाऱ्यासाठी त्या नकाशात अनेकदा जागाच दाखवलेली नसते. मग आयोजकांना फोन करायचा, व्यवस्था होईल का असे विचारायचे आणि ‘या तुम्ही, बघू आपण’ एवढ्या उत्तराच्या भरवशावर पूर्ण पैसे मोजून निघायचे. बाकीचे श्रोते कोणाचे गाणे ऐकायचे ते ठरवतात. याला त्याआधी आत जाता येईल का, हे ठरवावे लागते.

अमेरिकेत दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा १९९० मध्ये झाला आणि २०१० मध्ये सुधारलेल्या त्याच्या नियमांनी तिकीटबारीचाही विचार केला. व्हीलचेअरच्या जागांची विक्री इतर तिकिटांबरोबर, त्याच वेळी आणि त्याच मार्गाने झाली पाहिजे. दर जास्त लावता येत नाही. शेजारच्या जागा शिल्लक असतील तर सोबतच्या तिघांपर्यंत तिकिटे द्यावी लागतात. तीनशे आसनांच्या सभागृहात अशा किमान ५ आणि पाच हजार आसनांच्या ठिकाणी किमान ३६ जागा ठेवाव्या लागतात. यांपैकी सोबत्यांची तरतूद फार मोलाची आहे. व्हीलचेअरवरचा माणूस एकटा येतो किंवा मदतनीस घेऊन येतो, असे आयोजक धरून चालतात. तो मित्रांच्या घोळक्यात येतो, बायकोमुलांना घेऊन येतो, पहिल्याच भेटीला कोणाला तरी घेऊन येतो, हे त्यांच्या मनातही नसते. बाकीचे कुटुंब सातव्या रांगेत आणि तो एकटा दरवाजापाशी, अशी संध्याकाळ त्याने तिकिटाच्या पैशांत विकत घेतलेली नसते.

पुढची अडचण पायऱ्यांची. व्हीलचेअरच्या उतारासाठी मान्य प्रमाण १:१२ आहे, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. प्रवेशद्वारापाशी सहा-सहा इंचांच्या तीनच पायऱ्या असल्या, तरी उतार अठरा फुटांचा हवा. प्रत्यक्षात ऐनवेळी एक फळी आणून पायऱ्यांवर तिरपी टाकली जाते. त्या चढावर खुर्ची मागे कलंडते, आणि मागून ढकलणाऱ्याचा पाय घसरला तर दोघेही पडतात. मैदानावरच्या कार्यक्रमात हाल वेगळे. पुढची दोन लहान चाके गवतात रुततात, जाजमाच्या सुरकुतीत अडकतात, ध्वनिक्षेपकाच्या केबलींवर टाकलेल्या पट्टीवर आपटून थांबतात. चालणारा माणूस जी वायर न बघता ओलांडतो, तिथे या श्रोत्याला दोघांना हाक मारावी लागते.

आत पोहोचल्यावर दिसण्याचा प्रश्न येतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रॉक संगीताच्या कार्यक्रमात पहिल्याच गाण्याला सगळे उठून उभे राहतात आणि बसलेल्या माणसाला पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. म्हणून व्हीलचेअरसाठी उंच चौथरा बांधतात. पुढचे प्रेक्षक उभे राहिले तरी मंच दिसेल इतकी त्याची उंची ठेवावी लागते. आपल्या शास्त्रीय मैफिलीत पेच नेमका उलटा आहे. पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवापासून ते गल्लीतल्या गणेशोत्सवातील गायनापर्यंत भारतीय बैठकीला मान आहे. सगळे जमिनीवर बसले की व्हीलचेअरवरचा माणूसच सर्वांत उंच ठरतो. मागच्यांना अडथळा नको म्हणून त्याला आपसूक कडेला किंवा अगदी शेवटी नेले जाते. कोणाच्या मनात वाईट नसते, तरी गवयाचा चेहरा, तबलजीचा हात, समेवर येताना दोघांनी एकमेकांकडे पाहणे, यातले काहीच त्याला दिसत नाही. बैठकीच्या दोन्ही अंगांना, मंचापासून फार दूर नाहीत अशा जागा आधीच आखून ठेवल्या तर हा पेच सहज सुटतो. त्या आखताना मांडव घालणाऱ्याला एवढेच सांगावे लागते की इथे जाजम नको आणि खांबही नको.

स्वच्छतागृहाबद्दल लिहायला लोक संकोचतात, म्हणून ते स्पष्ट लिहिले पाहिजे. दरवाजा साधारण तीन फूट रुंद आणि आत खुर्ची वळवायला सुमारे पाच फुटांचे वर्तुळ मोकळे असावे लागते. अशी खोली असलीच, तर तिथे बादल्या आणि केरसुण्या ठेवलेल्या सापडतात किंवा कुलूप लावलेले असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तीन-चार तासांच्या कार्यक्रमाला येणारे कित्येक जण दुपारपासून पाणी पीत नाहीत. मध्यंतरात बाकीचे चहाला बाहेर पडतात, तेव्हा हे जागेवरच थांबतात.

या सगळ्यावर आपल्याकडे एक ठरलेला उपाय आहे: चार जणांनी उचलून नेणे. स्वयंसेवक धावत येतात, ‘काका, काळजी करू नका’ म्हणतात आणि खुर्चीसकट वर नेतात. त्यांचा भाव खरा असतो, आणि त्या भावाची किंमत कमी करू नये. पण उचलला जाणारा माणूस त्या वेळी काय अनुभवतो, तेही पाहायला हवे. त्याचे अंग अनोळखी हातांत असते, तोल त्याच्या ताब्यात नसतो आणि पोर्चमधली सारी गर्दी बघत असते. खुर्चीला नेमके कुठे धरायचे हे कोणी त्याला विचारत नाही. पाय ठेवायची पट्टी धरून उचलले तर ती निखळून हातात येऊ शकते. बॅटरीवरची खुर्ची तर माणसाशिवायच अनेकदा शंभर किलोच्या आसपास भरते, ती उचलताच येत नाही. त्यावर कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांचे आभार मानायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच मागायचे. तिकीट काढलेल्या दुसऱ्या कोणत्याही श्रोत्याला आत शिरण्याबद्दल कृतज्ञ राहावे लागत नाही. बरेच जण हळूहळू येणेच बंद करतात. मग आयोजक प्रामाणिकपणे सांगतात की व्हीलचेअरवाले आमच्याकडे येतच नाहीत, त्यांच्यासाठी खर्च कशाला?

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांची अडचण हालचालीची होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क सांगितला आहे. या कायद्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत सांस्कृतिक आणि करमणुकीच्या वापराच्या, सरकारी तशाच खासगी इमारतीही येतात. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचा नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. या नियमाने सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक म्हणून सोडून दिले होते. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवा, असे केंद्राला सांगण्यात आले.

इमारत जुनी आहे, ही सबब नेहमी पुढे येते. लंडनचा रॉयल आल्बर्ट हॉल १८७१ मध्ये उघडला आणि तिथे आज व्हीलचेअरच्या जागा आहेत. आगीची भीती ही मात्र सबब नाही, ती खरी आहे. वाटेत उभी केलेली खुर्ची सर्वांचीच सुटका अडवते आणि आगीत लिफ्ट वापरता येत नाही. पण त्यावरून श्रोत्याला दारातून परत पाठवणे योग्य ठरत नाही. त्याची जागा वाटेबाहेर आणि शक्य तिथे बाहेर पडण्याच्या सपाट दाराजवळ असावी, त्याला बाहेर कोण काढणार हे आधी नेमलेले असावे. ब्रिटनमध्ये २००० साली सुरू झालेली ‘ॲटिट्यूड इज एव्हरीथिंग’ ही संस्था दिव्यांग प्रेक्षकांनाच ओळख न देता संगीताच्या कार्यक्रमांना पाठवते आणि त्यांचा अनुभव आयोजकांपुढे ठेवते. कागदावरचा उतार आणि वापरता येणारा उतार यांतला फरक अशानेच कळतो. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पर्पल फेस्टमध्ये दिव्यांग कलाकार आणि प्रेक्षक कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी असतात. असा विचार उत्सवाबाहेरच्या रोजच्या नाट्यगृहात यायला हवा.

शेवटचा भाग मंचाचा, कारण व्हीलचेअरवरचा माणूस श्रोताच असेल असेही धरून चालता येत नाही. अमेरिकेतील व्हायोलिनवादक गेलिन ली व्हीलचेअर वापरतात आणि व्हायोलिन चेलोसारखे उभे धरून वाजवतात. २०१६ मध्ये त्यांनी तिथल्या एनपीआर या रेडिओ संस्थेची टायनी डेस्क स्पर्धा जिंकली. आपल्याकडे गायनस्पर्धेत अशी एखादी मुलगी पहिली आली, तर प्रमुख पाहुणे मंचावरून उतरून तिच्यापाशी येतात, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि तिने मंचावर का जायचे नाही हे कोणी विचारत नाही. तीन फूट उंचीच्या मंचाला छत्तीस फुटांचा उतार लागतो. विंगेत तेवढी जागा नसेल तर खुर्चीसकट माणसाला सरळ वर नेणारी छोटी लिफ्ट बसवता येते. मेकअप रूमचा दरवाजा आणि तिथून विंगेपर्यंतची वाट तेवढ्याच काळजीने मोजावी लागते.