अपत्यप्राप्तीचा काळ आणि गृहस्थधर्म

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी धर्माशी विरोध नसलेल्या कामाला आपलेच स्वरूप म्हटले आहे. तेव्हा संतानाची इच्छा हा साधनेतील अडथळा नव्हे; ती धर्माला धरून आहे की नाही, एवढे गृहस्थाने पाहावयाचे असते. आज बंगळूरसारख्या नगरात शिक्षण, नोकरी व स्वतःचे घर यांतच तिशी उलटते आणि मग दांपत्य विचारू लागते, "आता फार उशीर तर झाला नाही ना?"

हेच बंगळूर १६३८ पासून शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि शिवाजीमहाराज बालपणी मातोश्री जिजाबाईंसह काही काळ येथे राहिले. पुढे महाराज दोन निरनिराळ्या वयांत दोन पुत्रांचे पिते झाले. १६५७ मध्ये संभाजीराजे जन्मले तेव्हा ते २७ वर्षांचे होते; १६७० मध्ये राजाराम जन्मले तेव्हा ४० वर्षांचे.

थोरल्या पुत्राची आई सईबाई १६५९ मध्येच निवर्तल्या. परंतु आजी समर्थ होत्या, त्यांनी नातवास वाढविले. १६६६ मध्ये नऊ वर्षांच्या या पुत्रास घेऊन महाराज आग्र्यास गेले. धाकट्यास असा सहवास थोडाच लाभला. तो चार वर्षांचा असता आजी गेल्या, दहा वर्षांचा असता पिता. उशिरा जन्मलेल्या संतानाच्या वाट्याला आजी-आजोबाही थोडे येतात. हा हिशेब तरुण दांपत्ये बहुधा मांडीतच नाहीत.

तरी एवढ्यावरून तारुण्यातील पितृत्वच श्रेष्ठ ठरवू नये. १६७८ मध्ये संभाजीराजे पित्यापासून दुरावून दिलेरखानाकडे गेले व पुढल्या वर्षी परतले. आणि पित्यास लवकर अंतरलेल्या राजारामांनी १६८९ नंतर जिंजीहून राज्य राखले. कर्माचे फळ कोणाच्या हाती असते?

शरीराचा ऋतू मात्र ओळखता येतो. अठरा वर्षांआधीचे मातृत्व माता व बालक या दोघांसही धोक्याचे असते. पस्तिशीनंतर गर्भधारणा कठीण होत जाते व गर्भपाताचे भय वाढते. पित्याचे वाढते वयही अगदी निरुपद्रवी नसते. वैद्यकीय साहाय्याने होणाऱ्या गर्भधारणेस २०२१ च्या कायद्याने स्त्रीसाठी ५० व पुरुषासाठी ५५ वर्षांची मर्यादा घातली आहे. देवाची इच्छा म्हणून या गोष्टींकडे डोळेझाक करणे ही श्रद्धा नव्हे, आळस आहे.

मनाचा विचार याहून सूक्ष्म. पंचविशीत बळ असते, धीर नसतो. चाळिशीत धीर येतो, पैसाही असतो, पण आसक्ती बळावते. नवसाचे एकुलते एक मूल म्हणजे आपलेच राहून गेलेले आयुष्य, असे वाटू लागते. तेराव्या अध्यायात पुत्र, पत्नी, घर यांत गुंतून न पडणे हे ज्ञानाच्या लक्षणांत गणले आहे. तरुण पित्याने अपरात्री मूल रडू लागले असता क्रोध आवरावा, आणि उतारवयातील मातापित्यांनी तेच मूल परगावी जावयास निघाले असता त्याची वाट अडवू नये. शहाजीराजांनी बंगळुराहून शिवाजीमहाराजांना पुण्याकडे रवाना केले, तेव्हा ते अवघे बारा वर्षांच्या सुमाराचे होते.