दुहेरी कवच

मनुष्यास भय वाटूं लागलें कीं तो रक्षणावर रक्षण चढवीत जातो. परंतु दोन कवचें धारण केल्यानें तो दुप्पट सुरक्षित होतो काय? हा प्रश्न नीतिविचाराचा खरा. पण त्याचें एक मार्मिक उत्तर आम्हांस एका खेळाच्या नियमांत आढळलें.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं रचिलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. मेजाभोंवतीं बसून खेळाडू कल्पित वीरांच्या भूमिका घेतात व एक सूत्रधार त्यांजपुढें संकटें उभीं करितो. शत्रूचा घाव बसला कीं चुकला, हें वीस पैलूंच्या फांशावर ठरतें. फांशाच्या अंकांत शत्रूचें कौशल्य मिळवून ती बेरीज वीराच्या रक्षणांकाइतकी भरली, तर घाव बसला.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत हा रक्षणांक मूळ १० असून त्यांत चिलखत, ढाल, चपळाई इत्यादींचे लाभ मिळवावयाचे असतात. मात्र एकाच जातीचे दोन लाभ एकत्र आले, तर सामान्यतः त्यांतील मोठा तेवढाच धरावा, असा नियम आहे. कड्यांनीं गुंफलेल्या चिलखती सदऱ्याचा लाभ ४. मांत्रिकाच्या अदृश्य कवचाचाहि ४. दोन्ही एकदम धारण केलीं तरी लाभ ४ च. मोठ्या ढालीचे २ मात्र निराळ्या जातीचे म्हणून वेगळे मिळतात, व रक्षणांक १६ होतो.

कोणी म्हणेल, वीरानें दोहोंचें मोल दिलें, मग फळ एकाचेंच कां? आम्हांस हा आक्षेप सयुक्तिक वाटत नाहीं. जो घाव पहिल्या कवचानें अडविला, तोच दुसरें पुन्हा अडवूं पाहतें; झालेल्या कामाचें वेतन दोनदां कसें मागावें? तथापि दुसरें कवच व्यर्थ आहे असेंहि नव्हे. मंत्र उतरला तरी सदरा अंगावर राहतो. आणि देहरहित पिशाच्चाचा स्पर्श कड्यांतून आरपार जातो, त्यास मंत्रकवचच आड येतें.

आणखी एक अपवाद ध्यानांत घेण्याजोगा आहे. घाव चुकविण्याच्या दक्षतेचे लाभ एकाच जातीचे असूनहि परस्परांत मिळतात. परंतु वीर बेसावध सांपडला, कीं ते सर्व एकदम नाहींसे होतात. चिलखत तेवढें उरतें.

मुलांच्या काळजीनें आपण पदवीवर पदवी आणि ठेवीवर ठेव रचीत जातों. त्यांतील एक बुडाली तर दुसरी उपयोगीं पडेल, हें खरेंच. पण अपमान, वियोग व मोह यांचे घाव त्या कवचांतून पिशाच्चाच्या स्पर्शाप्रमाणें आरपार जातात. तेथें मित्राची ढाल हवी आणि मनाची सावधता हवी. यांपैकीं सावधता तर आईबापांस विकत घेऊन देतां येत नाहीं. ती मुलानेंच कमवावयाची असते. म्हणून आणखी एक कवच चढविण्यापूर्वीं, तें आधींच्याच जातीचें तर नाहीं ना, एवढें पाहणें हें आमच्या मतें प्रेमाचेंच कर्तव्य होय.